डोंगरी ओढ्यातील ट्राउट डोळ्यांदेखत खात होते, तरी माझी फ्लाय एकानेही का घेतली नाही?

ओढ्याकाठी (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी तळ्यावर फ्लाय फिशिंग करत आहे. परंतु डोंगरातल्या वाहत्या ओढ्यावर ट्राउटसाठी संपूर्ण दिवस घालवण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. हाती एकही मासा लागला नाही याचे फारसे वाईट वाटले नाही, मात्र तो का लागला नाही हे न कळल्यामुळे चार दिवस झाले तरी मन तिथेच घुटमळत आहे. (मासा, माशी आणि मासोळी यांचा घोटाळा होऊ नये म्हणून गळावर बांधलेल्या कृत्रिम माशीला मी पुढे सर्वत्र फ्लायच म्हणतो.)

साहित्य साधेच होते: आठ फुटी, चार क्रमांकाची काठी, तरंगती दोरी, नऊ फुटांचा निमुळता लीडर (दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा तंतू) आणि त्याच्या टोकाला 5एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा सर्वांत बारीक तंतू; एक्सचा आकडा वाढला की तो आणखी बारीक). सकाळी आठला पोहोचलो तेव्हा पाणी इतके गार होते की दोन मिनिटांत बोटे बधिर झाली, आणि दहापर्यंत ओढ्यात काही हालचाल दिसली नाही. अकराच्या सुमारास मात्र एका डोहापाशी थबकलो. डोह वीसेक पावलांचा असेल. वरच्या टोकाला दोन मोठ्या धोंड्यांच्या फटीतून पाणी कोसळत होते, डाव्या अंगाने फेसाचा एक पट्टा खाली वाहत होता आणि पलीकडच्या काठावर कातळ पाण्यावर झुकलेला होता. त्या फेसाच्या पट्ट्यालगत पाच-सहा ट्राउट एकामागून एक वर येत होते. पाणी हलकेच फुगायचे, माशाची पाठ आणि पाठीवरचा पर क्षणभर दिसायचा, कधी शेपटीचे टोकही दिसायचे, आणि वर्तुळ विरून जायचे.

मी डोहाच्या मध्यावर, काठाच्या एका सपाट दगडावर उभा राहून प्रवाहाला आडवी फेक केली. 14 नंबरच्या गळावर बांधलेली ॲडम्स नावाची तरंगती फ्लाय बरोबर पट्ट्याच्या कडेला पडली. एक मासा तिच्याखाली आला, टीचभर अंतर तिच्याबरोबर मागे सरकला आणि परत खाली गेला. असे दोनदा झाले. नंतर मी चार वेगवेगळ्या फ्लाय बांधून पाहिल्या. माशांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि साडेबारापर्यंत वर येणेच थांबले. दुपारनंतर पाणी किंचित गढूळ झाले व वाढलेही असावे, कारण सकाळी जो ओढा गुडघाभर पाण्यातून ओलांडला होता, तोच चार वाजता मांडीपर्यंत आला आणि परतताना माझी बरीच तारांबळ उडाली.

फ्लायची निवड चुकली का, चुकली असल्यास ती कशी ओळखावी, आणि अशा दिवशी दुपारनंतर थांबण्यात काही अर्थ असतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तिसरा धोंडा

तुमचे वर्णन नेमके असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते फ्लायचा दोष सर्वांत शेवटी धरावा. ॲडम्स ही फ्लाय 1922 साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलाडे यांनी बांधली. ती कुठल्याही एका कीटकाची हुबेहूब नक्कल नाही, आणि म्हणूनच ती पाण्यावरच्या अनेक करड्या कीटकांसारखी भासते. मासा तिच्याखाली आला, तिच्याबरोबर मागे सरकला, याचा अर्थ फ्लाय त्याला दिसली आणि खाण्यासारखी वाटलीही. नंतर त्याला जे खटकले ती बहुधा दोरीची ओढ असावी.

डोंगरी ओढ्यात पाण्याची एकच गती कधी नसते. तुम्ही जिथून आडवी फेक केलीत, तिथून पलीकडच्या पट्ट्यापर्यंत दोरी मधल्या वेगवान धारेवर आडवी पडली. त्या धारेने दोरीचे पोट आधी खाली ओढले, मग त्या पोटाने लीडर ओढला आणि लीडरने फ्लाय. खरा कीटक मात्र पाण्याबरोबर, पाण्याच्याच वेगाने वाहत असतो. ही ओढ मोठी असली तर फ्लायमागे रेघ उमटते आणि ती आपल्यालाही दिसते. परंतु बहुतेक वेळा ती इतकी सूक्ष्म असते की दहा-बारा पावलांवरून डोळ्यांना कळत नाही, आणि टीचभर अंतरावरून पाहणाऱ्या माशाला कळते. ती पकडण्याची एक सोपी युक्ती आहे. फ्लाय पडली की तिच्याऐवजी तिच्याशेजारचा फेसाचा एखादा बुडबुडा निवडावा आणि दोघांकडे एकदम पाहत राहावे. फ्लाय बुडबुड्याच्या पुढे गेली किंवा मागे राहिली, तर त्या फेकीत मासा लागण्याची आशा सोडावी.

यावर उपाय उभे राहण्याच्या जागेत आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून शक्य तेव्हा त्याच्या मागून, म्हणजे खालच्या बाजूने वर सरकत जावे. तळ्यावर लांब फेकीचे कौतुक असते. ओढ्यावर मात्र लीडरच्या पुढे हातभर दोरी एवढीच फेक उत्तम, कारण मग काठी उंच धरून जवळजवळ सगळी दोरी पाण्यापासून वर ठेवता येते. आडवी फेक करावीच लागली, तर दोरी हवेत उलगडत असताना काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकवावी, म्हणजे दोरी वर पडते आणि धारेला ती खाली आणेपर्यंत तुम्हाला तीन-चार सेकंद मिळतात. टिपेटही तीन फुटांपर्यंत वाढवून पाहावे. सैल वेटोळ्यांत पडलेले टिपेट सरळ होईपर्यंत फ्लाय मोकळी वाहते.

सपाट दगडावर उभे राहण्याबद्दलही थोडे लिहितो. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग पृष्ठभागावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. उरलेला पृष्ठभाग त्याला आरशासारखा असतो आणि त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो त्यामुळे हे घडते, आणि या खिडकीचा कोन सुमारे 97 अंशांचा असतो. म्हणजे मासा एक फूट खोल असेल, तर त्याची खिडकी जेमतेम सव्वादोन फूट रुंद असते. खिडकी लहान म्हणून आपण दिसत नाही असा समज करून घेऊ नये. काठावरची झाडे, दगड आणि दगडावर उभा माणूस हे सगळे आकसून तिच्या कडेला दिसतातच. अगदी पाण्यालगतचे, दहा अंशांच्या खालचे मात्र त्याला जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे दगडावर चढून फेक करणारा माणूस माशाला दिसतो आणि दगडामागे गुडघे टेकून बसलेला सहसा दिसत नाही. माझ्या पँटी गुडघ्यावरच आधी फाटतात.

शेवाळ

वरील उत्तर उपयुक्त आहे, तरीही त्यातील निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो. ओढ असणारच, ती प्रत्येकाच्या फेकीत असते. परंतु प्रश्नातले एक वाक्य पुन्हा वाचावे: पाणी फुगायचे, पाठ आणि पर दिसायचा, शेपटीचे टोक दिसायचे. यात तोंडाचा कुठेही उल्लेख नाही. पृष्ठभागावरचा कीटक घेताना ट्राउटचे नाक पाण्याबाहेर येते, तोंडात कीटकाबरोबर थोडी हवा जाते आणि ती कल्ल्यांतून बाहेर पडून वर्तुळाच्या मध्यभागी एखादा बुडबुडा राहतो. नाक न दिसता नुसती पाठ दिसत असेल, तर मासा पृष्ठभागाच्या बोटभर खाली खात आहे असे समजावे. तुमच्या ॲडम्सने त्याचे लक्ष वेधले, पण तो त्या वेळी जे खात होता ते पाण्याच्या वर नव्हतेच.

तिथे काय चालले असावे, हे समजून घेण्यासाठी मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाचे आयुष्य पाहावे. बहुतेक जातींची अर्भके कित्येक महिने, काही जातींची तर एका वर्षाहूनही अधिक काळ, दगडांखाली काढतात. मग एखाद्या दिवशी, पाणी जरा ऊब धरू लागले की ती वर सरकतात, पृष्ठभागाच्या पडद्याखाली लटकतात, त्यांची पाठ उकलते आणि आतून पंखांचा कीटक बाहेर पडतो. तो काठावरच्या झुडपात जाऊन पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारा आजच्या कीटकांत हा एकच गण आहे. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगे तोंडच नसते. काही तास, फार तर एक-दोन दिवस, एवढेच तिचे पंखांचे आयुष्य. आता ट्राउटच्या बाजूने विचार करावा. पंख वाळवून उडून जाऊ शकणाऱ्या कीटकामागे धावण्यापेक्षा, पडद्याखाली कातीत अडकलेला, धड वरही जाऊ न शकणारा आणि खालीही येऊ न शकणारा कीटक उचलणे कितीतरी कमी कष्टाचे असते. ओढ्यात उभे राहण्यासाठी त्याला सतत पोहावे लागते, त्यामुळे खर्च आणि मिळकत यांचा हिशेब तो चुकवत नाही.

अशा वेळी ॲडम्सची मागची बाजू पाण्यात बुडेल अशी कातरून घ्यावी, किंवा पंखाभोवती आडवे पीस गुंडाळलेली आणि अंग पाण्याखाली लोंबणारी फ्लाय वापरावी. त्याहून सोपे म्हणजे तरंगत्या फ्लायच्या गळाला दीड वीत टिपेट बांधून त्याच्या टोकाला लहान निंफ (पाण्याखालच्या अर्भकाची नक्कल करणारी, बुडणारी फ्लाय) लटकवावी. इंग्लंडमधील एव्हन नदीची देखरेख करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावरच जी निंफ बांधली, तिच्यात बांधणीचा वेगळा दोरासुद्धा नाही. वजनही तार देते आणि घट्टपणाही तारच देते. तीच 16 किंवा 18 नंबरमध्ये घ्यावी. (गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे नवीन वाचकांसाठी सांगतो. नंबराला तीनने भागले की टिपेटचा एक्स साधारण मिळतो: 14 ला 5एक्स, 18 ला 6एक्स.) वरच्या फ्लायची हालचाल थांबली, ती किंचित बुडाली किंवा तिरकी सरकली की काठी हलकेच उचलावी. धसका दिला तर 6एक्स टिकत नाही.

पुढच्या वेळी फेसाच्या पट्ट्याच्या बाहेर वर येणारा एखादा मासा निवडून वर्तुळात बुडबुडा राहतो का ते पाहावे. फेसात सगळे बुडबुडे सारखेच दिसतात.

थंडपाणी

फ्लायच्या वादात मी पडत नाही. प्रश्नाच्या शेवटी जी दोन वाक्ये ओघात आली आहेत, मला त्यांची अधिक काळजी वाटली.

सकाळी गुडघाभर असलेला ओढा पाऊस नसताना दुपारी मांडीभर होतो, तेव्हा तो बहुधा वरच्या बर्फावर पोसलेला असतो. सूर्य वर आला की बर्फ वितळू लागतो, आणि ते पाणी तुमच्यापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. म्हणून असा ओढा पहाटेपासून सकाळपर्यंत सर्वांत उतरलेला आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सर्वांत भरलेला असतो. तुमच्या माशांनी साडेबारानंतर वर येणे का थांबवले, त्याचेही उत्तर कदाचित यातच आहे. बर्फाचे नवे पाणी आले की तापमान वाढण्याऐवजी उतरते, कीटकांचे निघणे थांबते, पाणी धूसर होते आणि मासे तळाला जातात. ट्राउट साधारण 10 ते 16 अंश सेल्सियसला मनसोक्त खातो. पाच-सहा अंशांच्या पाण्यात तो जिवंत आणि निरोगी असतो, पण हालचाल बेतानेच करतो.

उलट, बर्फ संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, पाणी कमी असलेल्या ओढ्यात दुपारी नेमके याच्या विरुद्ध घडते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला 10 अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे 11.3 मिलिग्रॅम, तर 20 अंशांना सुमारे 9.1 मिलिग्रॅम, आणि उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळे त्याहूनही कमी. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची प्राणवायूची मागणी मात्र वाढलेली असते. अशा पाण्यात दमेपर्यंत झुंजवलेला ट्राउट सोडून दिला, तो पोहत गेलेला दिसला, तरी नंतर मरू शकतो. पाणी 20 अंशांच्या जवळ गेले की मी काठी आवरतो. म्हणून खिशात दहा फ्लाय कमी असल्या तरी चालतील, दोरी बांधलेला एक तापमापक मात्र असावा.

ओढा ओलांडण्याविषयी: परतीचा मार्ग पलीकडून असेल, तर सकाळी ओलांडतानाच दुपारच्या पाण्याचा अंदाज घ्यावा आणि शक्यतो दुपारचे पाणी चढण्याच्या आत अलीकडे यावे. नाहीतर रुंद, उथळ जागा शोधावी. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरकस असते. हातात दणकट काठी घ्यावी, ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवावी आणि एका वेळी एकच पाय उचलावा. छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उतरण्याची जलरोधक विजार) घालत असाल तर कमरपट्टा आवळल्याशिवाय पाण्यात उतरू नये. आणि ढग गडगडू लागले की मासेमारीची काठी खाली ठेवून तिच्यापासून दूर व्हावे, कारण कार्बन फायबर वीजवाहक आहे.

एक विनंती. काठाच्या उथळ पाण्यात आजूबाजूच्या दगडांपेक्षा उजळ, धुऊन काढल्यासारखा खडीचा लांबट पट्टा दिसला, तर त्यावर पाय देऊ नये. मादीने शेपटीने खडी उकरून त्यात अंडी पुरलेली असतात. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत आणि रेनबो बहुधा वसंतात अंडी घालतो, त्यामुळे वर्षाचा बराच काळ कुठल्या ना कुठल्या खडीखाली अंडी किंवा पिल्ले असतात.

बांबूची छडी

एक वेगळी सूचना. दोरीच्या ओढीचा एवढा त्रास होत असेल, तर रीळच बाजूला ठेवून पाहावे. जपानमधील डोंगरी ओढ्यांवर तेन्कारा नावाची जी पद्धत रुळली, तिच्यात अकरा-तेरा फुटांच्या लवचीक काठीच्या टोकालाच ठरावीक लांबीची दोरी बांधतात. काठी लांब आणि दोरी हलकी असल्यामुळे मधल्या धारेवर काहीच टेकत नाही, फ्लाय आणि थोडेसे टिपेट एवढेच पाण्यात असते. वीस पावलांच्या डोहाला एवढे पुरते. मोठा मासा लागला तर सोडायला दोरी नसते आणि माशामागे आपल्यालाच धावावे लागते, हे मान्य.

तिसरा धोंडा

शेवाळ यांचा पाठ आणि नाक यांचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता, तो मान्य करतो. तरीही एक गोष्ट धरून ठेवतो: पडद्याखाली अडकलेला कीटक तर अजिबातच हलू शकत नाही, तेव्हा निंफ लावली तरी ओढ घालवावीच लागेल. आधी जागा बदलावी, मग फ्लाय बदलावी. दोन्ही एकदम बदलले आणि मासा लागला, तर कशामुळे लागला ते कधीच कळणार नाही.

ओढ्याकाठी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कालच त्याच डोहावर पुन्हा जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

थंडपाणी यांच्या सांगण्यावरून तापमापक नेला होता. सकाळी आठला पाणी 6 अंश होते, अकराला 9 आणि तीन वाजता पुन्हा 7. म्हणजे बर्फाचा तर्क बरोबर होता. तीनची नोंद मी अलीकडच्या काठावरून घेतली, कारण पाणी चढण्याआधीच, साडेबाराला, ओढा ओलांडून परत आलो होतो.

पहिला अर्धा तास काठी न उलगडता धोंड्याआड बसून राहिलो, आणि हे काम मला वाटले होते त्यापेक्षा अवघड निघाले. साडेदहाला पहिले वर्तुळ उठले. फेसापासून दोन हात बाहेर एक लहान मासा नियमित वर येत होता. त्याची सात वर्तुळे मोजली, एकातही बुडबुडा राहिला नाही. तरीही तिसरा धोंडा यांचे ऐकून मुद्दाम आधी तीच जुनी ॲडम्स बांधली आणि डोहाच्या खालच्या टोकाला गुडघे टेकून आखूड फेक केली. फ्लाय आणि बुडबुडा शेजारी शेजारी वाहत आले. मासा वर आला, पुन्हा टीचभर मागे सरकला आणि गेला. तीन फेकींत तीनदा तेच झाले. मग त्याच जागेवरून, तेवढ्याच दोरीवर, दीड वीत खाली 18 नंबरची निंफ लावली. दुसऱ्याच फेकीत ॲडम्स वाहता वाहता जागच्या जागी थबकली, जणू पाण्याखालच्या काडीला अडकली असावी. मी काठी उचलली आणि ती काडी डोहभर फिरू लागली.

वीतभर लांबीचा ब्राउन ट्राउट होता. बाजूवरचे लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवतीचे फिकट कडे पाण्यातच पाहून घेतले. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकला होता, त्यामुळे हात ओला करून निंफ धरली आणि किंचित मागे ढकलली एवढ्यावर ती सुटली. मासा पाण्याबाहेर काढावाच लागला नाही. तो माझ्या बुटाच्या आडोशाला, संथ पाण्यात, मिनिटभर प्रवाहाकडे तोंड करून कल्ले हलवत उभा राहिला आणि मग दिसेनासा झाला.

आता एक नवीन अडचण. कातळाखाली, अगदी पलीकडच्या काठाला, एक बराच मोठा मासा वर येत होता आणि त्याच्या प्रत्येक वर्तुळात बुडबुडा राहत होता. तिथे खालून पोहोचता येत नाही, मधली धार जोराची आहे आणि मागे झुडपे असल्याने मागची फेक जवळजवळ अशक्य आहे. माझ्या दोन फ्लाय त्या झुडपात अजून लटकत आहेत. काठीचे टोक वाकवून, फ्लाय दुसऱ्या हाताने मागे ताणून धनुष्यबाणासारखी सोडतात असे ऐकले आहे. बारा-तेरा फुटांवर ती नीट पडते का, आणि नऊ फुटी लीडर त्यासाठी कापावा लागतो का?